सुरिंदर सिंग, मिकेलेत्ती आणि आपले पोर्तुगीज पासपोर्ट

गोव्यात कुणाचा मुलगा 'लंडनला' गेला असे सांगितले तर तो लंडनलाच आहे असे कोणी समजत नाही. तो स्विंडनला एखाद्या गोदामात असेल, साउथॉलला असेल, नाहीतर लेस्टरला. आपल्या बोलण्यात लंडन म्हणजे सगळे इंग्लंड. तसेच पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे पोर्तुगालात राहायला जाण्याचा कागद असेही कोणी मानत नाही. नाव लिस्बनला घालायचे आणि कामाला इंग्लंडात जायचे, हा क्रम सासष्टीपासून डिचोलीपर्यंत सगळ्यांना पाठ झालेला होता.

या पासपोर्टाबद्दल गोव्यात भरपूर लिहिले गेले आहे. देशाभिमान, मतदार यादीतली नावे, कुलुपे लागलेली घरे, म्हाताऱ्या आईबापांची काळजी, सर्व काही. पण एका गोष्टीकडे कुणी फारसे लक्ष दिलेले मला दिसले नाही. पासपोर्ट घेणारा मुलगा आधी एकटा जातो आणि मागाहून त्याची बायको जाते. तिच्या हातात असतो आपला भारतीय पासपोर्ट. ती कुठल्या कायद्याने जात होती? तिला कोण जामीन राहत होते? या प्रश्नाचा माग काढत मी मागे मागे गेलो, तेव्हा लक्षात आले की याचे उत्तर लिस्बनमध्येही नाही आणि पणजीतही नाही. ते आहे लक्झेंबर्गच्या एका न्यायालयात, आणि त्याची तारीख आहे ७ जुलै १९९२. त्या दिवशी तिथे दोन निकाल लागले. त्यांचे क्रमांकही एकापाठोपाठ एक आहेत, १९९० सालचे खटले ३६९ आणि ३७०. दोन्हींत गोव्याचे नावही नाही. तरी आपल्या शेकडो घरांचे दैव त्या दोन कागदांनी घडवले.

ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

इंग्लंडने राष्ट्रकुलातल्या लोकांवर पहिला मोठा निर्बंध घातला तो १९६२ च्या कायद्याने. म्हणजे गोवा मुक्त झाला आणि काही महिन्यांतच इंग्लंडचे दार अर्धे लागले. पुढे १९६८ साली पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी वंशाच्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना अडवण्यासाठी अवघ्या तीन दिवसांत संसदेत कायदा झाला. नैरोबीला आणि कंपालाला स्थायिक झालेल्या कितीतरी गोमंतकीय कुटुंबांना तो चटका बसला. हे सगळे कामगारांसंबंधी होते. पण नवराबायकोचे काय? कामगार अडवता येतो, संसार कसा अडवणार?

तोही अडवला गेला. १९६९ साली ब्रिटिश सरकारने ठरवले की इंग्लंडात राहणाऱ्या बाईने बाहेरचा नवरा केला तर त्याला केवळ नवरा म्हणून प्रवेश मिळणार नाही. पुरुषाने बाहेरची बायको केली तर तिला मात्र मिळेल. १९७४ साली ही बंदी उठली, १९७७ साली पुन्हा थोडी आवळली गेली आणि १९८० साली नव्या नियमांनी पुरती घट्ट झाली. या नियमांत एक कलम होते. लग्नाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरणे हा असेल तर नकार, आणि १९८३ पासून तर हेतू तसा नाही हे नवऱ्यानेच सिद्ध करायचे. आता हेतू कसा सिद्ध करणार? 'अमुक आहे' हे सिद्ध करता येते, 'मनात अमुक नव्हते' हे कसे दाखवायचे?

व्हिसा देणारे अधिकारी मुलाखतीत आपल्याच चालीरीती आपल्यावर उलटवत. त्यांचा युक्तिवाद असा : तुमच्या समाजात मुलगी सासरी जाते, मुलगा सासुरवाडीला राहायला जात नाही. मग तुम्ही बायकोच्या देशात का निघालात? म्हणजे हेतू इंग्लंडच! आपल्याकडे घरजावयाची थट्टा होते, पण ती थट्टाच असते. इथे त्या थट्टेचा पुरावा झाला आणि त्यावर अर्ज फेटाळले जाऊ लागले.

बायकांचे हाल निराळे. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका उतरली. तिचे लग्न इंग्लंडात व्हायचे होते. ती खरोखरच अविवाहित आहे का, हे ठरवण्यासाठी तिची कौमार्याची शारीरिक तपासणी करण्यात आली. 'गार्डियन' ने १ फेब्रुवारीला ही बातमी छापली, भारतात संतापाची लाट उसळली आणि भारत सरकारने निषेध नोंदवला. पुढे २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी ब्रिटिश सरकारी दप्तरांतून दाखवून दिले की असा प्रकार एकटीच्या बाबतीत घडलेला नव्हता. भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्या होत्या. लग्न खरे की खोटे हे ठरवायला एखादे राज्य किती खाली जाऊ शकते, याचा हा नमुना आहे.

१९८० च्या नियमांविरुद्ध तीन बायका स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. तिघीही इंग्लंडात कायदेशीरपणे राहणाऱ्या, तिघींच्या नवऱ्यांना नकार मिळालेला. हा खटला अब्दुलअझीझ, काबालेस आणि बाल्कंदाली या नावांनी ओळखला जातो. त्यातल्या पहिलीचा नवरा कोण होता, हे वाचून मी चमकलो. तो होता दमणात १९५१ साली जन्मलेला, १९७८ साली पोर्तुगालात गेलेला पोर्तुगीज नागरिक! म्हणजे आपल्याच 'इश्तादु द इंदिया' चा माणूस. १९७९ साली त्याचे लग्न झाले, आणि हातातल्या पोर्तुगीज पासपोर्टाचा त्याला इंग्लंडात काडीचा उपयोग झाला नाही. कारण पोर्तुगाल तेव्हा युरोपीय समुदायात नव्हता.

२८ मे १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की बायकोला येऊ देणे आणि नवऱ्याला न देणे हा स्त्रीपुरुष भेदभाव आहे. नवरे आले तर नोकऱ्या जातील, बायका आल्या तर तितके नुकसान नाही, हा ब्रिटिश सरकारचा बचाव न्यायालयाला पटला नाही. आता समता आणायची तर दोन वाटा होत्या : नवऱ्यांचा नियम सैल करायचा, किंवा बायकांचा आवळायचा. सरकारने दुसरी धरली. त्याच वर्षी 'मुख्य हेतू' चे कलम बायकांनाही लागू झाले. समता आली खरी, पण दोघेही बाहेर! हे कलम शेवटी १९९७ च्या जूनमध्ये, सरकार बदलल्यावर, रद्द झाले.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक निराळे दार उघडत होते, आणि ते उघडले होते इंग्लंडनेच. १ जानेवारी १९७३ हा दिवस पाहा. १९७१ चा कडक इमिग्रेशन कायदा त्या दिवशी अमलात आला आणि नेमक्या त्याच दिवशी इंग्लंड युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. युरोपच्या १९६८ च्या एका नियमात असे होते की एका सदस्य देशाचा कामगार दुसऱ्या सदस्य देशात कामाला गेला तर त्याची बायको किंवा नवरा, मग त्यांचे नागरिकत्व कुठलेही असो, त्याच्याबरोबर राहू शकतील. हेतूची चौकशी नाही. यामागे दया नव्हती, हिशेब होता. बायको मागे ठेवावी लागली तर कामगार जाणार नाही, आणि कामगार हलला नाही तर सामाईक बाजारपेठ चालणार नाही.

आता सुरिंदर सिंग. हा भारतीय नागरिक. १९८२ साली ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश बाईशी त्याचे लग्न झाले. १९८३ ते १९८५ दोघे जर्मनीत नोकरीला होती. तिथे ती 'दुसऱ्या सदस्य देशातली कामगार' होती, म्हणून नवरा युरोपच्या नियमाने तिच्याबरोबर होता. १९८५ च्या अखेरीस धंदा सुरू करायला दोघे इंग्लंडात परतली. परतल्याबरोबर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला देशी नियमाखाली घातले आणि मुदतीचा परवाना दिला. पुढे संसार बिनसला. १९८७ साली घटस्फोटाचा पहिला हुकूम झाला, तेव्हा सरकारने परवाना आखूड केला आणि १९८८ साली त्याला देशाबाहेर घालवण्याचा निर्णय घेतला.

प्रकरण लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयात गेले. न्यायालयाने विचार केला तो बायकोच्या बाजूने. एखादी ब्रिटिश बाई जर्मनीत कामाला जाते. परत येताना नवऱ्याला जर्मनीत होते त्याहून कमी हक्क आपल्या देशात मिळणार असतील, तर ती जाण्याआधीच दहादा विचार करील. म्हणजे तिच्या फिरण्याच्या स्वातंत्र्यालाच खीळ बसली. म्हणून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला किमान तितके हक्क मिळालेच पाहिजेत, जितके दुसऱ्या सदस्य देशात मिळाले असते. गंमत आणि खेद अशासाठी की ज्या लग्नाच्या जोरावर पुढे हजारो संसार एकत्र आले, ते लग्न निकालापर्यंत टिकले नव्हते. १९८९ साली घटस्फोट पुरा झाला होता. सुरिंदर सिंगचे नाव मात्र वाटेला मिळाले. परदेशात राहून, तिथे कामधंदा करून, परतताना जोडीदाराला युरोपच्या कायद्याने घेऊन येणे याला इंग्लंडात 'सुरिंदर सिंग रूट' म्हणू लागले.

त्याच दिवशीचा दुसरा निकाल मिकेलेत्तीचा. मारिओ मिकेलेत्ती हा अर्जेंटिनाचा दंतवैद्य. वाडवडिलांमुळे तो इटलीचाही नागरिक. त्याला स्पेनमध्ये सांतांदेर भागात दवाखाना घालायचा होता, म्हणून त्याने युरोपीय नागरिक म्हणून कार्ड मागितले. स्पेनने म्हटले, तू आलास अर्जेंटिनातून, राहत होतास तिथे, तेव्हा आमच्या लेखी तू अर्जेंटिनाचाच. वरवर पाहता हे कुणालाही पटेल. न्यायालयाला पटले नाही. नागरिक कोण हे ज्याचे त्या देशाने ठरवायचे. इटलीने एकदा आपला म्हटले की तो कुठे वाढला, इटलीत कधी राहिला का, हे स्पेनने विचारायचे नाही.

वाचकहो, हे वाचताना तुमच्या मनात जे आले तेच माझ्याही आले. मिकेलेत्तीच्या जागी हळदोण्याचा किंवा साखळीचा माणूस घाला, इटलीच्या जागी पोर्तुगाल आणि स्पेनच्या जागी इंग्लंड. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. पण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांचे आणि त्यांच्या मुलांचे नागरिकत्व पोर्तुगालचा कायदा मानत राहिला. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्म आणि लग्ने नोंदवली की झाले. १९८६ साली पोर्तुगाल युरोपीय समुदायात आला, आणि दमणच्या त्या माणसाच्या हाती निरुपयोगी ठरलेल्या पासपोर्टाला किंमत आली. 'तू पोर्तुगालात कधी राहिलास का?' हा प्रश्न इंग्लंडच्या अधिकाऱ्याच्या ओठांवर येत असेलही, पण त्यावर नकार देण्याची सोय मिकेलेत्तीने ठेवली नव्हती.

मग बायकोचा मार्ग सरळ झाला. आपला मुलगा इंग्लंडात पोर्तुगीज कामगार, म्हणून त्याची भारतीय बायको त्याच्याबरोबर. २००४ च्या युरोपीय निर्देशाने तर स्पष्टच सांगितले की अशा कुटुंबीयांचा प्रवेश व्हिसा फुकट आणि लवकरात लवकर द्यायचा. लग्नाचा दाखला, नवऱ्याचा पासपोर्ट, तो इंग्लंडात काम करतो याचे कागद, एवढ्यावर काम होई. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून नागरी नोंदणी सक्तीची, सहनिबंधकाच्या कचेरीत सह्या केल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. त्यामुळे दाखल्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. ज्या रजिस्टरांना आपण कटकट म्हणत होतो, तीच उपयोगी पडली.

याउलट खुद्द ब्रिटिश नागरिकाचे काय? ९ जुलै २०१२ पासून त्याला बाहेरची बायको आणायची तर वर्षाला १८,६०० पौंड मिळकत दाखवणे भाग झाले. तो परदेशात राहत असेल तर आणखी अवघड. तिथली वर्षाची मिळकत दाखवा आणि शिवाय परतल्यावर तीन महिन्यांत सुरू होणारी इंग्लंडातली नोकरी आधीच ठरवून ठेवा. बायको तिकडे कितीही कमावत असो, ती मिळकत धरत नाहीत. मिळकत मुळीच नसेल तर तेव्हा बँकेत ६२,५०० पौंड शिल्लक हवी होती. हा नियम २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तत्त्वतः उचलून धरला. म्हणून कितीतरी ब्रिटिश नागरिक आयर्लंडला किंवा आणखी कुठे जाऊन काम करू लागले आणि सुरिंदर सिंगच्या वाटेने परतू लागले. सरकारने त्या वाटेवरही काटे टाकले. तिकडे खरोखर बिऱ्हाड होते का, की केवळ नाटक, याची २०१४ पासून छाननी सुरू झाली. पण स्विंडनला राहणाऱ्या आपल्या माणसाला यातले काहीच नको होते. शेजारचा जन्माने इंग्रज बायकोसाठी आयर्लंड गाठतो आहे, आणि साखळीचा मुलगा मात्र पगाराचा कागद न मोजता बायकोला घेऊन येतो, असा उलटा न्याय होता.

हा न्याय टिकणारा नव्हता. २३ जून २०१६ च्या मतदानात इंग्लंडात जो राग दिसला, त्यात या उलट्या न्यायाचाही वाटा होता असे मला वाटते. ३१ डिसेंबर २०२० ला रात्री अकरा वाजता युरोपचा नियम इंग्लंडात संपला. तोपर्यंत झालेली लग्ने अलीकडे, नंतरची पलीकडे. सुरिंदर सिंगची वाटही २९ मार्च २०२२ पर्यंत परतणाऱ्यांपुरती शिल्लक ठेवून बंद झाली, आणि तीही जुन्या नात्यांनाच.

तारीख ही काय चीज असते, ते मी माझ्या नात्यातल्या एका घरात पाहिले. घर डिचोली तालुक्यातले. बापाचा जन्म १९५८ चा, त्यामुळे दोघे मुलगे पोर्तुगीज झाले आणि इंग्लंडला गेले. थोरल्याचे लग्न २०१५ साली झाले. त्याची बायको काही आठवड्यांत गेली, व्हिसाला एक पैसा पडला नाही. धाकट्याचे लग्न एप्रिल २०२० ला ठरले होते. हॉल घेतला होता, पत्रिका छापल्या होत्या. टाळेबंदी आली, विमाने थांबली, लग्न पुढे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले. एका घरातल्या दोन जावा. थोरलीला युरोपचा कायदा, धाकटीला इंग्लंडचा.

धाकट्याची नोकरी गोदामातली, किमान वेतनावर. एप्रिल २०२१ पासून ते वेतन तासाला ८ पौंड ९१ पेन्स होते. आठवड्याचे चाळीस तास धरून बावन्न आठवडे राबले तर होतात १८,५३२ पौंड ८० पेन्स. हवे होते १८,६००. म्हणजे ६७ पौंड २० पेन्स कमी! पूर्ण वेळ राबणारा माणूस कायद्याच्या लेखी बायको आणायच्या लायकीचा नाही, आणि फरक किती, तर साधारण एका दिवसाच्या मजुरीचा. त्याने जादा पाळ्या केल्या. सहा महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेचे उतारे जमवले. तिने इथे इंग्रजीची परीक्षा दिली, क्षयाची तपासणी केली. अर्जाचे १,५२३ पौंड आणि आरोग्य सेवेचा अधिभार १,८७२, असे ३,३९५ पौंड भरले. लग्नानंतर वर्ष उलटून गेल्यावर ती गेली. तोवर सणावाराला दोन्ही घरची माणसे तिला "कागद कुठवर आले?" हे विचारत राहिली. नव्या नवरीला विचारण्याचा हा प्रश्न नव्हे, पण दुसरे काय विचारणार?

आज तिच्यासारखीला याहून कठीण आहे. ११ एप्रिल २०२४ पासून मिळकतीची अट २९,००० पौंडांवर गेली. त्या वर्षीच्या किमान वेतनाने, तासाला ११ पौंड ४४ पेन्स धरले तरी, चाळीस तासांच्या आठवड्याने वर्षाला २३,८०० पौंडही होत नाहीत. जादा पाळ्या करूनही ही दरी सहज भरत नाही. म्हणजे इंग्लंडात गोदामे, रुग्णालये, स्वयंपाकघरे चालवणाऱ्याने एकट्यानेच राहावे, असाच या आकड्यांचा अर्थ होतो.

इंग्लंडला नावे ठेवताना आपल्या घराकडेही पाहावे. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला आपण ओसीआय कार्ड देतो ते नोंदवलेल्या लग्नाला दोन वर्षे झाल्यावर, आणि घटस्फोट झाला तर ते रद्द करता येते. सुरिंदर सिंगला १९८७ साली जे भोगावे लागले, ते भारतात एखाद्या परदेशी सुनेला किंवा जावयाला आजही भोगावे लागू शकते. आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपलाच मुलगा लग्नाला गावी येतो, तेव्हा भारताच्या कायद्याने परदेशी जोडीदार तो स्वतःच असतो. तिकडे बायको परकी, इकडे नवरा परका. बिऱ्हाड एकच!

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. आपल्या बायका या चार दशकांत इंग्लंडात गेल्या त्या कुणी लग्नाचा मान राखला म्हणून नव्हे. बाजारपेठेला फिरता कामगार हवा होता आणि बायको हे त्या कामगाराच्या सामानातले एक गाठोडे होते, म्हणून. ज्या दिवशी तो बाजार मोडला, त्या दिवशी गाठोड्याचे वजन सुरू झाले. नवराबायकोने एकत्र राहणे हा हक्क आहे असे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत लिहिलेले असते, पण काउंटरवर तो पगाराच्या पावतीने मोजला जातो.

तेव्हा ज्यांची मुले बाहेर आहेत आणि ज्यांच्या घरी लग्ने ठरत आहेत, त्यांनी मुहूर्त आणि हॉल पाहण्याच्या आधी मुलगा आज कुठल्या कायद्याखाली जामीन राहू शकतो, त्याचा पगार किती आणि सहनिबंधकाकडे सह्या कधी होणार, हे पाहून घ्यावे. सनईचौघडे नंतरही वाजवता येतील. रजिस्टरातली तारीख मात्र मागे नेता येत नाही.